ओझर : यात्रा, पर्यटन आणि वस्ती

ओझर : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील एक गाव व अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र. ते पुण्याच्या उत्तरेस सु. ८५ किमी.वर कुकडी नदीकाठी वसले असून पुणे–नासिक मार्गावरील नारायणगावाहून तेथे जाता येते. (विमानांच्या कारखान्यामुळे ज्ञात असलेले नासिक जिल्ह्यातील ओझर निराळे.)

येथील गणेशास विघ्नेश्वर वा विघ्नहर म्हणतात. पराभूत विघ्नासुराच्या विनंतीवरून गणपतीने त्याचेच नाव धारण केले, अशी आख्यायिका आहे. मंदिर पूर्वाभिमुख असून सभोवती दगडी तट, प्रवेशद्वारी द्वारपाल व प्राकारात दीपमाळा आहेत. वसईच्या विजयानंतर (१७३९) चिमाजी आप्पाने शिखर सुवर्णाने मढविले, असे परंपरा सांगते.

पूर्वी यात्रा तिथीशी बांधलेली असे. भाद्रपद व माघातील चतुर्थी, संकष्टी आणि दीपमाळा उजळविण्याची कार्तिकी पौर्णिमा एवढ्या दिवसांपुरती गर्दी होई. एरवी गाव शेतीत गढलेले. मोटार-वाहतुकीने हे गणित पालटले. अष्टविनायक (१९७९) या चित्रपटानेही आठही स्थानांच्या यात्रेची ओढ वाढविली. आठ देवळे दोन-तीन दिवसांत उरकणाऱ्या सहलींमुळे ओझरच्या वाट्यास काही तासच येतात. गाव ग्रामपंचायतीचे, वर्दळ मात्र शहराची, अशी स्थिती सुटीच्या दिवशी दिसते. मंदिराच्या वाटेवर दुकाने, खानावळी, वाहनतळ व भक्तनिवास उभे राहिले. पाणी, केरकचरा व सांडपाणी यांचा भार वाढला.

राज्य शासनाने जुन्नर तालुका २०१८ मध्ये विशेष पर्यटनक्षेत्र म्हणून घोषित केला. शिवनेरी किल्ला २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. ओझर, शिवनेरी, नाणेघाट व जुन्नरची लेणी यांचा एकत्र विचार झाला, तर प्रवासी मुक्काम करील आणि लाभ अनेक गावांत वाटला जाईल. जवळच्या लेण्याद्रीस गणेशस्थान बौद्ध लेण्यांत असल्याने पुरातत्त्वीय संरक्षणाचे बंधन नव्या बांधकामास आवर घालते. ओझरच्या वस्तीला अशी मर्यादा नाही; ती गावानेच आखावयाची आहे.

यात नदीकाठाचा प्रश्न सर्वांत नाजूक. नौकाविहाराचे आकर्षण असलेला येथील जलविस्तार येडगाव धरणाचा आहे, आणि ते कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक. त्याचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळे या दूरच्या तालुक्यांच्या शेतीसाठी डाव्या कालव्याने जाते. उन्हाळ्यात आवर्तन सुटले की पाणी काठापासून मागे सरते. त्या महिन्यांत निर्माल्य वा सांडपाणी पात्रात गेल्यास ते पातळ करण्यास पाणी थोडेच उरते.