घरच्या संघाचे कार्ड

अमेरिकेतील बेसबॉलचे रसिक एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्या गावच्या संघाचे तुमचे सर्वांत आवडते जुने कार्ड कोणते? कार्ड म्हणजे तळहातात मावणारा पुठ्ठ्याचा तुकडा, पुढे खेळाडूचे चित्र आणि मागे जाहिरात किंवा त्याच्या कामगिरीचे आकडे. पिट्सबर्गचा माणूस होनस वॅग्नरचे नाव घेतो. न्यूयॉर्कचा माणूस टॉप्स कंपनीने १९५२ साली छापलेल्या मिकी मँटलच्या कार्डाचे. पण खरी रंगत पुढच्या उत्तरांत असते. तिथे कोणी तिसऱ्या फळीतल्या, दोन हंगाम खेळून विस्मरणात गेलेल्या एखाद्या खेळाडूचे नाव घेतो, कारण ते कार्ड त्याला वडिलांनी दिलेले असते किंवा त्या खेळाडूची टोपी चित्रात वाकडी आलेली असते.

हाच प्रश्न अकोल्यात किंवा अमरावतीत विचारला तर काय उत्तर येईल, असा विचार अलीकडे मनात आला आणि उत्तर शोधताना थोडे खोल जावे लागले. त्याची ही हकीगत.

कार्डे आमच्याकडेही होती. ऐंशीच्या दशकात ‘बिग फन’ नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रे मिळत आणि त्यांवर धावांचा किंवा बळींचा आकडा छापलेला असे. ठरावीक धावा जमवल्या की दुकानदार एक चिमुकली पुस्तिका देई. तिची पाने अंगठ्याने भराभर सोडली की फलंदाज हलू लागे. आमच्या अकोल्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत या चित्रांचा जो बाजार भरे त्याला सराफ्याची शिस्त होती. कपिल देवच्या एका चित्राला दोन परदेशी गोलंदाज, गावस्करला तीन. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात, म्हणजे आमच्या दृष्टीने जवळजवळ अंगणातच, गावस्करने न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्याचे ते एकमेव शतक. त्याच सामन्यात चेतन शर्माने विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक घेतली, तीनही फलंदाज त्रिफळाचीत. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारात चेतन शर्माचा भाव गगनाला भिडला. तो नागपूरचा नव्हता, विदर्भाचा तर नव्हताच. पण मैदान आपले होते, आणि तेवढ्या नात्यावर आम्ही त्याला घरचा करून टाकला.

विदर्भाचा एकही खेळाडू त्या चित्रांत नव्हता, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही. संघ मात्र होता. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ रणजी स्पर्धेत खेळत होता.

या अनुपस्थितीचे कारण समजून घ्यायचे तर कार्ड ही वस्तू मुळात कशी जन्मली ते पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचे कागदी पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे व्यापाऱ्याच्या ध्यानात आले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. अमेरिकेत तंबाखू कंपन्यांनी बेसबॉल धरला. पुढे तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली आणि गिऱ्हाईक प्रौढाऐवजी मूल झाले. म्हणजे खेळाडूचा चेहरा जपण्याची योजना कोणत्याही इतिहासकाराने केलेली नाही, ती विक्रीची युक्ती होती. जिथे गावच्या संघावर माल खपतो तिथे गावच्या संघाचे कार्ड निघते, आणि अमेरिकेत शहरागणिक व्यावसायिक संघ असल्यामुळे ते निघाले. आपल्याकडे क्रिकेट खपले ते देशाच्या नावावर. विल्सनेही भारतात आपले नाव चषकांना दिले. १९९६ चा विश्वचषक ‘विल्स विश्वचषक’ होता. रणजीचा सामना पाहायला शंभर माणसे आली तरी पुष्कळ, त्यांच्यासाठी पुठ्ठा कोण छापणार?

वॅग्नरची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या संचात त्याचे कार्ड होते, पण त्याने परवानगी नाकारल्यामुळे छपाई लवकरच थांबली. लहान मुलांनी कार्डासाठी तंबाखू घ्यावा हे त्याला रुचले नाही, असे एक मत. मोबदला मिळाला नाही म्हणून तो बिनसला, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे पहिल्या मताकडे थोडे जपून पाहावे. ते काही असो, आज त्या कार्डाच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती उरल्या आहेत आणि २०२२ साली एक प्रत ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. टॉप्सच्या १९५२ च्या संचाचे नशीब आणखी विचित्र. न खपलेली कार्डे गोदामात जागा अडवत होती म्हणून १९६० साली ती भरून नेऊन अटलांटिक समुद्रात बुडवली, असे ती कार्डे घडवणाऱ्या साय बर्गर यांनीच सांगितले आहे. उरलेल्या मँटलपैकी एक २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेला.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. येथे ‘घरचा संघ’ म्हणजे कोणता, हाच मुळी सोपा प्रश्न नाही. १९०३ साली वऱ्हाड कारभारासाठी मध्य प्रांताला जोडले गेले, आणि रणजी स्पर्धेच्या आरंभीच्या वर्षांत जो संघ खेळत असे त्याचे नाव होते ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’. आम्ही त्या ‘अँड’च्या पलीकडचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपले जिल्हे मुंबई राज्यात आले आणि संघ ‘विदर्भ’ झाला. मौज अशी की विदर्भ हे नाव मूळचे ज्या भूमीचे, ती हीच. रुक्मिणीचे कौंडिण्यपूर आज अमरावती जिल्ह्यात आहे. पण नाव आमचे असले तरी क्रिकेटचे मैदान, संघटना, निवड, सारे नागपुरात. अकोल्याच्या मुलाला विदर्भाचा संघही रेल्वेने गाठावा लागे.

ज्यांना गुण होते ते मग दुसऱ्या वाटेने गेले. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांचे झाले. अमरावतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. हेमंत कानिटकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९४२ रोजी अमरावतीत झाला. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून ते खेळले महाराष्ट्राकडून. राजस्थानविरुद्धची त्यांची २५० धावांची खेळी महाराष्ट्राच्या नावावर आहे. १९७४ साली बंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले आणि पहिल्याच डावात ६५ धावा काढल्या. त्याच सामन्यात व्हिव रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज हेही प्रथमच कसोटी खेळत होते, त्यामुळे त्या सामन्याचा उल्लेख पुढे नेहमी त्या दोघांच्या नावाने होत राहिला. कानिटकरांना दोनच कसोटी मिळाल्या. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव. ते साल २०११. संघ सुरू होऊन चोपन्न वर्षे लोटली होती.

क्रिकेट बाजूला ठेवले तर अमरावतीला खरोखर एक घरचा संघ होता आणि त्याने जग पाहिले होते. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तेथे मल्लखांब, हुतूतू, खो-खो यांची प्रात्यक्षिके त्यांनी करून दाखवली. ही गोष्ट अमरावतीत प्रत्येकाने ऐकलेली असते. फारशी कोणी न ऐकलेली गोष्ट ही, की त्याच ऑलिंपिकची छायाचित्रे जर्मनीत सिगारेटच्या कुपनांवर मिळत होती. हॅम्बुर्गच्या आल्टोना-बारेनफेल्ड भागातील एका चित्रसेवेने ती चिकटवण्यासाठी ‘ऑलिम्पिया १९३६’ हा दोन खंडांचा अल्बम काढला. पहिला खंड हिवाळी खेळांचा, दुसरा बर्लिनचा. हजारो जर्मन घरांत लोक सिगारेट ओढत आणि चित्रे डकवत बसले होते. अमरावतीच्या आखाड्यातले तरुण त्याच शहरात खांबावर चढत होते. आखाड्याच्या गड्याचे चित्र सिगारेटच्या पाकिटावर मिळते, तर अमरावतीत त्याचे स्वागत झाले नसते हे उघड आहे. वॅग्नरची हरकत आमच्या वस्तादांना समजावून सांगावी लागली नसती.

वस्तादांच्या जगाने चेहरा जपला तो निराळ्या रीतीने. सामूहिक छायाचित्र हा आमच्याकडचा प्रकार. खुर्चीवर मधोमध गुरुजी, शेजारी पाहुणे, मागे हाताची घडी घालून उभी मुले, पुढे जमिनीवर बसलेले सर्वांत लहान, आणि खाली पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत नावांच्या ओळी. डावीकडून उजवीकडे. वऱ्हाडातील जुन्या शाळा, आखाडे, क्लब यांच्या भिंतींवर अशी छायाचित्रे अजून दिसतात. कार्डाशी त्यांचा फरक मूलभूत आहे. कार्ड खिशात घालता येते, त्याची अदलाबदल होते, ते मुलाच्या मालकीचे असते. सामूहिक छायाचित्र भिंतीचे असते. त्यातला एकटा खेळाडू उचलून कोणाला घरी नेता येत नाही, आणि वाळवीने खालची ओळ खाल्ली की मागच्या रांगेतला तिसरा कोण होता हे कायमचे गेले.

तिसरा प्रकार कात्रणांचा. ‘स्पोर्टस्टार’ची मधली पाने आणि संदीप पाटील यांच्या ‘एकच षटकार’मधली चित्रे आमच्या पिढीने कपाटांच्या दारांवर लावली, परंतु ती पुन्हा दूरच्या नायकांची. घरच्या संघाची कात्रणे जमवणारा एकच मनुष्य मला ठाऊक होता, तो म्हणजे आमचे थोरले काका. अकोल्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये ते कारकून होते. तेथील बाद झालेली एक लांबट खतावणी त्यांनी घरी आणली होती आणि तिच्या जमा-नावेच्या रकान्यांवर विदर्भाच्या सामन्यांचे धावफलक खळीने चिकटवले होते. चित्र जवळजवळ नाहीच. विदर्भाच्या खेळाडूचे छायाचित्र वृत्तपत्रात येण्याचे प्रसंग थोडे. नुसती आडनावे आणि आकडे. पण प्रत्येक कात्रणाखाली काकांची शाईची एक ओळ असे. ‘दुसऱ्या डावात पाय उखडले.’ ‘पोरगा डावखुरा आहे, पुढे जाईल.’ ‘पावसाने वाचवले, आपल्याला.’ तो ‘आपल्याला’ मला आज सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या संघाला त्यांनी दोनदाही प्रत्यक्ष पाहिले नसेल त्याच्याविषयी त्यांनी तो लिहिला होता.

काकांच्या पश्चात, १९९४ च्या उन्हाळ्यात, घर बदलताना ती खतावणी मी स्वतः रद्दीत घातली. खळीमुळे तिला झुरळे लागली होती, आणि महाविद्यालयात साहित्य शिकणाऱ्या मला त्या वेळी छापील पुस्तकाखेरीज काही जपण्यासारखे वाटत नव्हते. रद्दीवाल्याने ती जाड म्हणून वेगळी तोलली. बर्गरने समुद्रात टाकलेल्या कार्डांची निदान दुसरी प्रत कोणाच्या तरी माळ्यावर होती.

पुढे विदर्भ जिंकला. २९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, नायडूंच्याच गावी, दिल्लीविरुद्ध रणजीचा अंतिम सामना सुरू झाला. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक केले आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक उचलला. त्या सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या गोलंदाजाने प्रथम श्रेणीत पदार्पण केले. त्यानंतर २०१८-१९ चा आणि २०२४-२५ चा करंडकही विदर्भाने जिंकला. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा ही नावे आता देशभर माहीत आहेत आणि आयपीएलच्या काळात क्रिकेटची रंगीत कार्डेही दुकानांत आली. मात्र त्या कार्डांवर खेळाडू असतो तो ज्याने त्याला विकत घेतले त्या संघाच्या पोशाखात. जितेश मुलांना माहीत आहे तो पंजाबचा आणि नंतर बंगळुरूचा. चेहरा आमचा, छातीवरचे गाव दुसरे. कानिटकरांच्या वेळेपेक्षा तेवढाच काय तो फरक.

२ जानेवारी २०१८ च्या दैनिकातला धावफलक मी कापून ठेवला आहे. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा बिग फनच्या चित्राच्या मापाने कापायला गेलो, तर सगळी नावे त्यावर मावेनात. तेव्हा विदर्भाच्या गोलंदाजांच्या तेवढ्या चार-पाच ओळी ठेवल्या. ‘ठाकरे’ हे आडनाव सोडले तर त्यात अकोल्याचे काही नाही. मागची बाजू अजून कोरी आहे. तेथे काकांसारखी एक ओळ शाईने लिहायची आहे, आणि सात-आठ वर्षे झाली, ती जमत नाही.