चिमणराव ते आबा टिपरे: दूरचित्रवाणीवरील मराठी विनोदाचा एक प्रवास

१/९ मराठी मध्यमवर्गाचा इतिहास अभ्यासताना आपण वृत्तपत्रे, पत्रव्यवहार, आत्मचरित्रे पाहतो. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांकडे मात्र साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. आजचा धागा लेखक-अभिनेते दिलीप प्रभावळकर यांच्या निमित्ताने त्याविषयी.

२/९ पार्श्वभूमी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाहिनी एकच, प्रक्षेपण काही तासांचे आणि संच मोजक्या घरांत. त्यामुळे संच असलेल्या घरी शेजारीपाजारी जमत. मालिका पाहणे हा सामूहिक कार्यक्रम होता.

३/९ प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. शिक्षण विज्ञानाचे, नोकरी औषध कंपनीत आणि सोबत रंगभूमी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवरील ‘चिमणराव’ने त्यांना घरोघरी पोहोचविले. गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे.

४/९ ही पात्रे मात्र त्याहून कितीतरी जुनी. त्यांचे जनक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यात अध्यापन करणारे पाली भाषेचे विद्वान. त्यांचा भित्रा, भाबडा, संसारात गांजलेला चिमणराव हा स्वातंत्र्यपूर्व काळातील पांढरपेशा कारकून. १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी तो साकारला होता.

५/९ म्हणजे येथवर प्रभावळकर दुसऱ्याचा विनोद सादर करीत होते. पुढे ‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात सहा भूमिका केल्या. नटाच्या अंगी असलेली निरीक्षणशक्ती येथे लेखणीत उतरली.

६/९ ‘अनुदिनी’ हा त्यापुढचा टप्पा. टिपरे कुटुंबातील माणसांच्या रोजनिशीच्या रूपातील हे सदर. त्यावरून २००१ मध्ये अल्फा मराठीवर केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. आबांच्या भूमिकेत स्वतः लेखक, वय ५७.

७/९ दोन्ही घरे शेजारी ठेवून पाहा. चिमणराव आपली कथा स्वतःच सांगतो. घर त्याच्या नजरेतून दिसते. टिपऱ्यांकडे सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका, प्रत्येकाची वही वेगळी. एकच प्रसंग तिघे तीन प्रकारे नोंदवितात. घरात कोणाच्या मताला किती किंमत, हे बदलल्याची खूण विनोदाच्या रचनेतच सापडते.

८/९ साधनचिकित्साही हवीच. दोन्ही घरे शहरी, नोकरदार, पांढरपेशी. शेतकरी, गिरणी कामगार वा दलित वस्ती यांचे हसू त्यांत नाही. ‘त्या काळचा महाराष्ट्र असा होता’ असे या मालिकांवरून म्हणता येणार नाही. ‘त्यातील एक वर्ग स्वतःकडे असा पाहत होता’, एवढेच म्हणता येईल.

९/९ दुसरी अडचण जतनाची. तेव्हा ध्वनिचित्रफिती महाग असत, म्हणून दूरदर्शनवर त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. कित्येक कार्यक्रम असे कायमचे गेले. चिं. विं.ची पुस्तके ग्रंथालयात मिळतात. ते कार्यक्रम पाहून लोक कसे हसले, हे मात्र केवळ प्रेक्षकांच्या स्मरणात उरले आहे. त्या पिढीचे वय आता साठीपलीकडे आहे. आम्हा नाशिककरांसह ज्यांच्या घरी वा नात्यात असे प्रेक्षक असतील, त्यांनी एवढे करावे: मालिका कोणाच्या घरी पाहिली, सोबत कोण होते आणि कोणता प्रसंग आठवतो, हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे.