पोथीचा चष्मा आणि खडीवरचे डोळे

चष्म्याला मराठीत 'चाळिशी' असे एक जुने नाव आहे. चाळीस वर्षे उलटली की जवळचे अक्षर दिसेनासे होते आणि डोळ्यांवर काच येते, म्हणून ती चाळिशी. शब्द साधा आहे. पण तो कोणाच्या घरात जन्मला असेल? ज्या घरात अक्षर होते त्या घरात. ज्या घरात जोंधळ्यातले खडे वेचायचे होते, पायातला काटा काढायचा होता, वाकळेच्या सुईत दोरा ओवायचा होता, त्या घरातला डोळाही चाळिशीतच थकत होता. निसर्गाने वर्ण पाहून डोळे वाटलेले नाहीत. पण तेथे म्हातारीने नातवाला हाक मारली, "एवढा दोरा ओवून दे रे बाळा," आणि प्रश्न तेथल्या तेथे मिटला. तो कधी वैद्याच्या दारापर्यंत गेला नाही.

धुळीत, उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना कोणती काच योग्य, हा प्रश्न आज नेत्रवैद्यकाचा समजला जातो. तो इतिहासाचाही आहे. काच कोणासाठी घडली, कोणत्या अंतरासाठी घडली, आणि ज्याच्यासाठी ती घडली नव्हती त्याच्या नाकावर ती आली तेव्हा काय झाले, हे पाहिल्याखेरीज आजची निवड नीट करता येणार नाही.

चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाला आणि लिहिण्यावाचण्यावर जगणाऱ्यांच्या हाती प्रथम गेला. भारतातील त्याच्या आगमनाचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. विजयनगरच्या दरबारात मान्यता असलेले माध्व आचार्य व्यासराय १५२०च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचत होते, असा आधार त्यांनी 'व्यासयोगिचरित' या संस्कृत चरित्रातून काढला. तो चष्मा पोर्तुगिजांकडून आला असावा, असे अनुमान आहे. म्हणजे आपल्याकडच्या चष्म्याचा पहिला लेखी पुरावा पोथीवर वाकलेल्या आचार्यांच्या नाकावरचा आहे. ज्यांना पोथीला शिवण्याची बंदी होती, त्यांच्या डोळ्यांचा उल्लेख अशा चरित्रात कशाला येईल?

ही ओढ पुढच्या विज्ञानातही राहिली. १८६२ साली हॉलंडमध्ये स्नेलेन यांनी दृष्टी मोजण्याचा तक्ता केला, तो अक्षरांचा. नजर मोजायची तर अक्षर ओळखता आले पाहिजे! पुढे अक्षर न येणाऱ्यांसाठी चारी दिशांना तोंड फिरवणारा इंग्रजी 'ई' आला. इंग्रजी वैद्यकात त्याला कित्येक वर्षे 'निरक्षर ई' असेच म्हणत. नाव ठेवण्यात आपलेच लोक हुशार आहेत असे नाही.

आता अंतराचा मुद्दा, कारण सगळी गोम तेथे आहे. दूरची नजर सहा मीटरवर तपासतात आणि जवळची वीतदीड वीत अंतरावर, म्हणजे पुस्तक धरण्याच्या अंतरावर. साठीच्या माणसाला अडीच-तीन नंबरची वाचायची काच दिली की साधारण ३३ ते ४० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते. त्यापलीकडचे पुसट होत जाते. पण उकिडवे बसून सुतकीने खडी फोडणाऱ्या बाईचा दगड तिच्या डोळ्यांपासून हातभर लांब असतो. छिन्नीचे टोक, विटेची ओळ, खुरप्याचे पाते, सगळे हातभर लांब. त्या अंतराला दीडच्या आसपासची काच लागते. वाचायच्या काचेतून तिला दगड अंधूक दिसतो, ती चष्मा काढून ठेवते, आणि वाटणारा म्हणतो, "या लोकांना फुकट दिलेले वापरता येत नाही."

दुहेरी भिंगाच्या चष्म्याचेही तसेच. वर दूरची काच, खाली वाचायची. खुर्चीवर बसणाऱ्याची त्यात सोय आहे. डोक्यावर घमेले घेऊन फळीवरून उतरणारी बाई मान वाकवू शकत नाही. तिला नजर खाली टाकूनच पाऊल पाहावे लागते, आणि खाली नेमकी वाचायची काच. फळीची कड पुसट. घराबाहेर वावरणाऱ्या वृद्धांना एकाच नंबरची काच दिली तर पडण्याचे प्रमाण कमी होते, असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात दिसले आहे. डोक्यावर ओझे असलेल्यांना ते संशोधनाशिवायही कळेल.

१९७२च्या दुष्काळाकडे या नजरेने पाहावे. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि सगळ्यांत जास्त डोळ्यांत भरणारे काम खडी फोडण्याचे. महार, मांग, चांभार तर होतेच. ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या रोजाने काम केले नव्हते असे कुणबी-मराठेही त्या रांगेत बसले. वडारांना दगड परका नव्हता, इतरांना होता. मिलोची भाकरी, सुकडी, हजेरीपट, मुकादम यांच्या आठवणी आपल्या साहित्यात आल्या आहेत. उडणाऱ्या कपऱ्यांबद्दल फारसे कोणी लिहिले नाही. डोळ्यात कण गेला की शेजारीण पदराचे टोक फिरवी, पदराचा बोळा तोंडाच्या वाफेने गरम करून शेकी, नाहीतर लेकुरवाळी दुधाचा थेंब सोडी. माया खरी होती. पण बुबुळाला ओरखडा असेल तर मळक्या पदराने जखम चिघळते, फूल पडते आणि डोळा कायमचा जातो. नेपाळात भक्तपूरच्या खेड्यांमध्ये गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी ओरखडा पडताच जंतुनाशक मलम दिले, तेव्हा जवळजवळ सगळे डोळे वाचले. ही गोष्ट २००१ साली प्रसिद्ध झाली. मलम साधेच होते.

खडीच्या कामाची मजुरी मापावर असे. ब्रास भरला तर पैसे. जो घामाने भिजलेली काच दर पाच मिनिटांनी पुसत बसेल, त्याचा ढीग कमी भरेल. म्हणून संरक्षणाचा प्रश्न केवळ अज्ञानाचा नाही, तो मजुरीच्या पद्धतीत रुतलेला आहे. युरोपात खडी फोडणारे एकोणिसाव्या शतकातच तारेच्या जाळीचे चष्मे लावत. जाळीवर वाफ धरत नाही, ती पुसावी लागत नाही, फुटत तर नाहीच. बारीक धूळ तिच्यातून आत येते हे खरे, पण कपरी अडते. इतकी स्वस्त वस्तू आपल्या सुतकीबरोबर का आली नाही? कायद्यात पाहिले तर १९४८च्या कारखाना अधिनियमात ३५वे कलम डोळ्यांच्या रक्षणाचे होते. त्या वेळी मजूरमंत्री जगजीवनराम होते, हेही नोंदवायला हवे. कण उडणाऱ्या कामासाठी पडदे किंवा योग्य गॉगल देण्याचे नियम राज्य सरकारने करावेत, अशी त्यात तरतूद होती. पण कलम कारखान्याच्या भिंतीच्या आत लागू. रस्त्याच्या कडेला बसलेल्याला भिंतच नव्हती.

खडीतला सगळ्यांत घातक कण दगडाचा नसून लोखंडाचा असतो. ठोकून ठोकून छिन्नीचे माथे फुलते, त्याच्या कडा सुटतात, आणि सुईच्या टोकाएवढा तुकडा डोळ्याच्या आत शिरतो. जखम दिसतही नाही. आत लोखंड गंजते आणि काही महिन्यांनी नजर जाते. फुललेले माथे घासून घेणे हाही डोळ्यांचाच उपचार आहे.

याच्या उलट एक कण इतिहासात उपकारक ठरला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक छताचे तुकडे गेले. ते आत राहिले तरी डोळा बिघडला नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी हेरले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात प्लास्टिकचे भिंग बसवले. परंतु ते भिंग आपल्या वस्त्यांपर्यंत यायला पुढची ४०-५० वर्षे लागली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आधी आणि नंतरही गावोगाव शिबिरे झाली, शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया झाल्या. मोतीबिंदू काढायचा आणि दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचा, ही रीत.

या चष्म्याने उजेड दिला, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण तो बसून राहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी होता. त्यातून वस्तू पाव हिश्श्याने मोठ्या आणि म्हणून जवळ दिसतात; घाव घालणाऱ्याचा अंदाज चुकतो. भिंगाच्या कडेभोवती एक आंधळे कडे असते, त्यातून बैल किंवा सायकल एकदम समोर उगवते. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर दोन डोळ्यांना दोन आकार. वजनाने आणि घामाने तो नाकावरून घसरतो. आमच्या वस्तीतली एक आजी तो सुतळीने डोक्याला बांधून शेण्या थापी. एक दिवस तो दगडावर पडला. काच गेली आणि ऑपरेशन झालेली आजी पुन्हा भिंत चाचपू लागली. अहवालात मात्र तिचे ऑपरेशन यशस्वीच राहिले असणार.

१९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी निगडित ऑरोलॅबने डोळ्यात बसवायची भिंगे येथेच करायला घेतली. परदेशी भिंगाच्या किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात ते मिळू लागले आणि नव्वदीत शिबिरांची रीत पालटली. कष्टकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. आतल्या भिंगावर धूळ बसत नाही, ते घसरत नाही, हरवत नाही. श्रमिकाच्या कामाला खरोखर जुळलेली दृष्टीची पहिली दुरुस्ती मी हीच मानतो. हे भिंग सहसा दूरच्या नजरेसाठी ठरवलेले असते. हातभर अंतराची काच वेगळी मागावी लागते.

आता तरुणांविषयी. रस्त्याच्या, खाणीच्या, बांधकामाच्या कामावर जाणारी, लांबचे न दिसणारी मुले विचारतात की चष्म्याऐवजी दुसरे काही नाही का. १९६१ साली प्रागमध्ये ओट्टो विख्तर्ले यांनी घडवलेले मऊ स्पर्शभिंग आज शहरात सर्रास मिळते. धुळीच्या कामाला ते नको. कण भिंगाखाली अडकतो, हात धुवायला स्वच्छ पाणी नसते, आणि नुसत्या पाण्याने भिंग धुणे त्याहून वाईट. त्यातून बुबुळाला जखम होऊन जंतुसंसर्ग होतो. लेझरने नंबर जातो, पण पापुद्रा उचलून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला मार बसला तर तो पापुद्रा सरकू शकतो. पापुद्र्याशिवायची पद्धत आहे. तिच्यात बरे व्हायला जास्त दिवस धूळ-ऊन टाळावे लागते, म्हणजे तितके दिवस मजुरी बुडते. शिवाय नंबर गेला तरी कपरी यायची थांबत नाही, आणि चाळिशी ठरल्या वेळी येतेच. उरतो चष्मा. काचेचा चरा घेत नाही पण फुटून डोळ्यात जातो. साध्या प्लास्टिकच्या भिंगावर लवकर चरे पडतात. पॉलिकार्बोनेटचे भिंग मार सहन करते, त्यावर चरा न पडण्याचा लेप हवा. बाजूला झाकण, मागे पट्टा. आणि पदराने कोरडे पुसू नये. आधी पाणी ओतावे, मग पुसावे.

एक गोष्ट आपल्याच घरातली सांगायला हवी. वस्तीतला पहिला चष्मा बहुतेकांनी बाबासाहेबांच्या तसबिरीत पाहिला. अखेरच्या वर्षांत दृष्टी खालावलेली असतानाही ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहीत होते. तो चष्मा आपल्याला ज्ञानाची खूण झाला, ते योग्यच होते. पण त्यामुळे कामावर चष्मा लावून आलेल्या गड्याला आपणच "काय साहेब, पुस्तक कुठाय?" म्हणून हसतो. पोथीवाल्यांचा समज आपण नकळत उचलला.

वाचनाशी संबंध नसलेल्या हातांना काच दिली तर काय होते, हे नीट मोजले गेले ते २०१८ साली. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा दिला. इतरांच्या तुलनेत त्यांची पत्तीची तोड वीस टक्क्यांहून अधिक वाढली. वाढलेल्या पत्तीतून मळ्याला किती आणि मजुराला किती, हा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

आपल्या कार्यकर्त्यांनी शिबिर भरवताना एवढे करून पाहावे: येणाऱ्याला आपले हत्यार बरोबर आणायला सांगावे. त्याला कामाच्या बैठकीत बसवून, छिन्नीच्या टोकापासून डोळ्यापर्यंत दोरी धरावी आणि ती दोरी तपासणाऱ्याच्या हातात द्यावी.