कपाटाची किल्ली

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत काचेच्या दारांचं एक लोखंडी कपाट होतं. त्यात एम.टेक.च्या जुन्या विद्यार्थ्यांचे थिसिस ठेवलेले असत. काळ्या रेक्झिनची बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं. काचेतून नावं वाचता यायची, आतलं काही वाचता यायचं नाही. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असायची, ते एकतर रजेवर असत, नाहीतर परीक्षेच्या ड्युटीवर.

माझा विषय होता उसाच्या बगॅसची राख. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून ही राख ढिगांनी निघते. काँक्रीटमधलं थोडं सिमेंट कमी करून तिथे ही राख घालता येईल का, ते मला बघायचं होतं. पहिलं मिश्रण केलं तर ते कोरडं पडलं. पाणी वाढवलं, तर क्यूब कमजोर निघाले. काँक्रीटचा क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग मशीनखाली दाबून फोडायचा, अशी रीत आहे. म्हणजे एक चूक कळायला २८ दिवस. मी अशा दोन चुका केल्या. दोन महिने गेले.

मग एकदाची किल्ली सापडली. आठ वर्षांपूर्वीच्या एका सीनियरच्या थिसिसमध्ये, चौथ्या प्रकरणात, सगळं लिहिलेलं होतं. राखेत न जळलेले तंतू उरतात, ते पाणी पिऊन टाकतात, म्हणून राख आधी बारीक चाळणीतून काढा. खाली त्याच्या फसलेल्या मिश्रणांचा तक्ता होता. त्यात माझी दोन्ही मिश्रणं होती. जे शिकायला मला दोन महिने लागले, ते मी बसायचो त्या टेबलापासून पंधरा पावलांवर कुलपात पडलेलं होतं.

त्या दिवशी मला पेपर आणि थिसिस यांतला फरक कळला. जर्नलमधला पेपर आठ-दहा पानांचा असतो, त्यात जमलेलं तेवढंच येतं. थिसिसला पानांची टंचाई नसते. त्यात यंत्राचा फोटो असतो, कच्चे आकडे असतात, न जमलेले प्रयोग असतात, आणि कधीकधी लिहिणाऱ्याची भीतीही असते.

भीतीचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण सिसिलिया पेन यांचं. इंग्लंडहून हार्वर्डच्या वेधशाळेत आलेल्या या मुलीने १९२५ साली, वयाच्या पंचविशीत, पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे तपासून त्यांनी गणित मांडलं. उत्तर असं आलं की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन जड मूलद्रव्यांच्या लाखो पट आहे. त्या काळी समज असा होता की तारे साधारण पृथ्वीसारख्याच मालाचे बनलेले आहेत. हेन्री नॉरिस रसेल या दबदबा असलेल्या खगोलशास्त्रज्ञाने हे उत्तर अशक्य ठरवलं. मग पेन यांनी प्रबंधातच लिहून टाकलं की हायड्रोजनचं हे प्रचंड प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नसावं. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचले. पेन यांचं बरोबर होतं.

पाठ्यपुस्तकात आपल्याला फक्त उत्तर भेटतं. प्रबंध उघडला की बरोबर आकड्यांचा तक्ता आणि त्यावर माघार घेणारं वाक्य, दोन्ही एकाच पुस्तकात सापडतात. हे वाचल्यावर विज्ञान कसं चालतं आणि कुणापुढे अडतं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण उघडायचा कसा? विसाव्या शतकाचा बराच काळ बहुतेक प्रबंध म्हणजे टाइपरायटरवर काढलेल्या मोजक्या प्रती. एक विद्यापीठाला, एक गाइडला, एक स्वतःला. वाचायचा तर त्या गावी जा. यावर पहिला मोठा तोडगा निघाला तो अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बर या गावात. युजीन पॉवर यांनी १९३८ साली युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही कंपनी काढली. पानांचे बारीक फोटो फिल्मवर घ्यायचे आणि कुणी मागेल तेव्हा प्रत काढून विकायची. मूळ प्रत जागची न हलता प्रबंध दुसऱ्या गावी पोहोचू लागला. त्यासाठी पैसे मात्र मोजावे लागत.

त्याच ॲन आर्बरमध्ये १९८७ साली एक बैठक झाली. थिसिस कागदाऐवजी कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये घेता येतील का, हा विषय. वेब तेव्हा जन्माला यायचं होतं. ही कल्पना नेटाने पुढे नेली ती व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने. १९९७ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक थिसिस सक्तीचा झाला. धाकधूक होतीच: प्रबंध आधीच सगळ्यांना फुकट मिळाला तर जर्नलवाले त्यातला पेपर छापतील का? पण सक्ती टिकली आणि इतर विद्यापीठं मागोमाग आली. २००२ मध्ये एमआयटी आणि ह्यूलेट पॅकार्ड यांनी मिळून डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर काढलं. ते कुणीही फुकट घ्यावं आणि आपल्या विद्यापीठाचं डिजिटल कपाट उभं करावं, अशी सोय.

एमआयटीच्या या कपाटात मला क्लॉड शॅनन भेटला. १९३७ साली, २१ वर्षांचा असताना, त्याने मास्टर्सचा थिसिस लिहिला. जॉर्ज बूल यांचं एकोणिसाव्या शतकातलं तर्काचं बीजगणित विजेच्या स्विचना लावता येतं, हे त्याने त्यात दाखवलं. स्विच चालू किंवा बंद, विधान खरं किंवा खोटं. तुमच्या हातातल्या फोनच्या चिपमागे हाच विचार आहे. स्कॅन केलेली टाइपरायटरची पानं, हाताने काढलेल्या आकृत्या. शेवटी त्याने काही उदाहरणं सोडवून दाखवली आहेत. त्यात दोन अंकी पद्धतीने बेरीज करणारं सर्किट आहे, आणि एक विजेचं कुलूपही आहे! बटणं ठरलेल्या क्रमाने दाबली तर उघडतं, चुकलात तर धोक्याची घंटा. मला हसू आलं. एमआयटीतलं कुलूप मी गावात बसून फोनवर वाचत होतो आणि आमच्या कॉलेजचं कुलूप तसंच लटकत होतं.

भारतात याची सुरुवात २००० च्या सुमारास मैसूर विद्यापीठात ‘विद्यानिधी’ या प्रकल्पाने झाली. पण चित्र पालटलं ते २००९ मध्ये. यूजीसीने नियमच केला की पीएच.डी. दिल्यावर ३० दिवसांच्या आत विद्यापीठाने प्रबंधाची सॉफ्ट कॉपी पाठवायची आणि ती इन्फ्लिबनेट या केंद्राने सर्वांसाठी ठेवायची. त्यातून ‘शोधगंगा’ उभी राहिली. गांधीनगरहून चालणारं हे भांडार डीस्पेसवरच उभारलेलं आहे. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. लॉगिन नाही, फी नाही. उघडेपणाचा आणखी एक फायदा झाला: दुसऱ्याचा प्रबंध उचलून स्वतःच्या नावावर खपवणं अवघड झालं, कारण मूळ प्रबंध आता कुणालाही काढून ताडून बघता येतो.

शोधगंगेत पहिल्यांदा उतराल तेव्हा गोंधळाल. एकच प्रबंध तिथे दहा-बारा पीडीएफमध्ये तुटलेला असतो: मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, मग एकेक प्रकरण. मी आधी निष्कर्ष उघडतो आणि पुढे काय करायचं राहिलं ते बघतो. मग संदर्भसूची, कारण तिथून पुढच्या दहा वाटा फुटतात. मग प्रयोगाचं प्रकरण. शोधताना एकाच शब्दावर थांबू नका, इंग्रजी स्पेलिंग बदलून बघा, विद्यापीठ आणि विभाग निवडून यादी चाळा. आणि आभाराचं पान सोडू नका. मशीन कुठल्या लॅबमध्ये आहे आणि ते चालवणारे कोण, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

एवढ्यावर सगळं निवांत झालं असं मात्र नाही. ब्रिटिश लायब्ररीचं ‘ईथॉस’ हे असंच भांडार. ब्रिटनमधल्या सहा लाखांहून जास्त प्रबंधांच्या नोंदी त्यात होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ईथॉस महिनोन्‌महिने बंद पडलं. ज्या प्रबंधांची प्रत त्यांच्या विद्यापीठाच्या स्वतःच्या भांडारातही होती, ते वाचकाला मिळत राहिले. डिजिटल कपाटालाही कुलूप लागू शकतं. त्यावर उपाय जुनाच: प्रती अनेक हव्यात आणि वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात.

आता माझं सांगतो. शोधगंगा पीएच.डी.-एम.फिल.च्या प्रबंधांसाठी आहे. माझा एम.टेक.चा थिसिस तिथे नाही. माझ्या सीनियरचाही नाही. दोन्ही त्याच लोखंडी कपाटात आहेत. फसलेल्या मिश्रणांचा तक्ता मी माझ्याही थिसिसमध्ये घातला होता. गाइड म्हणाले होते, “अरे, हे कशाला दाखवतोस?” मी म्हणालो, “सर, पुढच्याचे दोन महिने वाचतील.” तेव्हा मला वाटलं होतं, मी माझं काम केलं. पण कुलपाआड ठेवलेला तक्ता कुणाचे महिने वाचवणार?

मागच्या महिन्यात मी त्या सीनियरचा नंबर मिळवला. आता तो पुलांची कामं करतो. परवानगी मागितली तर आधी त्याला आठवेचना. मग हसत म्हणाला, “त्यात काय आहे रे बघण्यासारखं? टाक की.” कॉलेजात गेलो. किल्लीवाल्यांची दोन तास वाट बघितली. खिडकीजवळच्या उजेडात फोनने पानापानाचा फोटो काढला. सर्न या संशोधन संस्थेने झेनोडो नावाचं खुलं भांडार चालवलं आहे, तिथे कुणालाही आपलं संशोधन ठेवता येतं. आम्ही दोघांचे थिसिस तिथे चढवले. चौथं प्रकरण मी दोनदा तपासलं. राख चाळून घ्या, हे वाक्य नीट वाचता येतंय.