खोक्यावरचा आकडा आणि होनोलुलूचा हिशेब

राउटरच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस छापलेले असते आणि मोबाइलवर त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. आपण कंपनीला दोष देतो आणि अधिक महागडा प्लॅन घेतो. आजचा धागा या तफावतीच्या इतिहासाचा. 🧵

१९७१. हवाई विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली, आणि दूरध्वनीच्या तारा महाग व बेभरवशाच्या. नॉर्मन अ‍ॅब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही केंद्रे होनोलुलूच्या संगणकाशी रेडिओने जोडली. या जाळ्याचे नाव अलोहानेट.

नियम विलक्षण साधा होता. संदेश तयार झाला की पाठवावा. पोच आली नाही, तर दुसऱ्या कुणाच्या संदेशाशी टक्कर झाली असे समजावे आणि थोडा वेळ, तोही दरवेळी वेगळा, थांबून पुन्हा पाठवावा. अ‍ॅब्रॅम्सन यांनी गणित मांडले तेव्हा दिसले, की अशा व्यवस्थेत वाहिनीची फार तर १८.४ टक्के क्षमता हाती लागते. उरलेली टकरींत आणि रिकामेपणात जाते. १९७२मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे ठरावीक तुकडे पाडले आणि ही मर्यादा दुप्पट झाली.

१९७३मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली: बोलण्याआधी ऐका. तारेवर टक्कर झाली तर ती तत्क्षणी कळते. हवेत मात्र स्वतःच्याच प्रक्षेपणाच्या गोंगाटात दुसऱ्याचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. म्हणून १९९७च्या ८०२.११ या मानकाने सावध मार्ग धरला: ऐका, थांबा, पाठवा, पोचेची वाट पाहा. या शिष्टाचाराची किंमत प्रत्येक संदेशाला मोजावी लागते. १९९९च्या ८०२.११बी उपकरणांवर ११ एमबीपीएस लिहिलेले असे, प्रत्यक्षात हाती येत जेमतेम पाच-सहा. माझ्या मते ही फसवणूक नव्हे, पण खोक्यावर हे स्पष्ट लिहिणे अवघड नव्हते.

दुसरे कारण धोरणाचे. १९८५मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २.४ गिगाहर्ट्झसारखे पट्टे विनापरवाना दळणवळणाला खुले केले. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या गोंधळामुळे ते फारसे कुणाला नको होते! भारतात २.४चा पट्टा २००५मध्ये परवानामुक्त झाला. वाय-फाय घरोघरी पोहोचले ते या मोकळिकीमुळे, आणि शेजाऱ्यांची गर्दीही तिच्यामुळेच.

म्हणून पैसे वाढवण्याआधी लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजा. तारेवरही संथ असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत. तारेवर ठीक असेल, तर हवेत. २.४वर १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतला कमी गर्दीचा निवडा. राउटरजवळ असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. भिंतींआड मात्र तो लवकर क्षीण होतो. आणि दूरच्या खोलीतला जुना मोबाइल तपासा: तेवढीच माहिती पाठवायला तो हवा जास्त वेळ अडवून धरतो, आणि तोवर घरातली बाकी उपकरणे थांबून राहतात.