आजोबांची फ्लॉपी आणि ६४० केबी

परवा सांगलीच्या घरी माळा आवरताना एक फ्लॉपी सापडली. वर आजोबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘आठवणी, १९९६’. मंडळी, एकदम डॉसचे दिवस आठवले.

तेव्हा मशीनमध्ये ४ एमबी मेमरी असायची, तरी डॉस म्हणायचं, ‘प्रोग्रॅम टू बिग टु फिट इन मेमरी’. क्लासचे सर सांगायचे, “गावभागातला वाडा केवढाही असू दे, ज्या खोलीला नंबर नाही तिथं पोस्टमन जाणार कसा?”

नेमकं तेच होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या इंटेल ८०८८ चिपला पत्त्यासाठी २० तारा होत्या. म्हणजे १०,४८,५७६ पत्ते, १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन, बायॉस आणि कार्डांसाठी राखीव. प्रोग्रॅमला उरले ६४०. पुढच्या चिपा मोठ्या झाल्या, पण जुने प्रोग्रॅम चालायला हवेत म्हणून डॉसचं कुंपण हललं नाही. मग आम्ही हायमेम आणि ईएमएम३८६ च्या ओळी घालून, माऊसचा ड्रायव्हर वर सरकवून, दहा-पंधरा केबी वाचवत बसायचो. पुढे ३२ बिटी एक्सपीतही तीच गोष्ट. ४ जीबी घातली तरी बऱ्याच मशीनवर सव्वातीनच्या आसपासच दिसायची. वरचे पत्ते पुन्हा कार्डांना!

मराठीचंही असंच झालं. पीसीच्या टेक्स्ट स्क्रीनवर अक्षरांना २५६ च घरं. त्यात आपली जोडाक्षरं बसवायची कुठं? त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं वेगळं जिस्ट कार्ड लागायचं. नंतर विंडोजवर मराठी फाँट आले, पण ती अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या पत्त्यावर पोटभाडेकरू म्हणून राहायची. १९९१ मध्ये युनिकोडनं देवनागरीला स्वतःचे नंबर दिले खरे, पण घरच्या विंडोजवर ते पोचले २००० नंतर.

आजोबांची फाईल त्याआधीची. फ्लॉपी वाचता आली, पण समोर आला नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. फाँट कुठला होता, कुणालाच आठवत नाही. यातलं काहीही पुसलेलं नाही बरं का. आजोबांचा शब्द न् शब्द आत आहे, फक्त पत्ता चुकलाय.

म्हणून काका, आत्या, तुमच्यासाठीच हे लिहितोय. आजोबांनी तेव्हा प्रिंट काढून वाटल्या होत्या. एखादं पान कुणाकडे असेल तर स्कॅन करून पाठवा. एक पान जुळलं की कुठल्या खुणेला कुठलं अक्षर ते कळेल, आणि बाकीची पानं मी सोडवीन.