फेरोच्या दरबारात ओळखपरेड

बँकेत बावीस वर्षं काउंटरमागे काढली की माणसाला माणसं दिसेनाशी होतात, त्यांचे फोटो दिसायला लागतात. लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या गृहस्थांकडे मी टक लावून पाहतो तेव्हा त्यांना वाटतं, ह्याचा आपल्या पानातल्या जिलबीवर डोळा आहे. खरं म्हणजे मी त्यांचा चेहरा मनातल्या मनात केवायसीच्या फोटोशी ताडून पाहत असतो. सही जुळवणे, फोटो ताडणे, तारखा तपासणे आणि कशाचाच मेळ बसला नाही तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून सहाची लोकल पकडणे, यापलीकडे कुठलीही कला परमेश्वराने आणि बी.कॉम.च्या पदवीने मला दिलेली नाही.

तरीही परवा आमच्या कन्येने मला एका कलाविषयक कामासाठी पाचारण केलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिच्या ग्रुपला ‘न्यू जॅक स्विंग’ नावाच्या प्रकारावर नाचायचं होतं. मला आधी वाटलं, मोटारीचं चाक बदलण्यासंबंधी काहीतरी असेल.

“बाबा, तू नव्वद सालचा आहेस ना?” तिने विचारलं. चलनातून बाद झालेल्या नोटेची मालिका विचारावी तसा सूर होता. “मग हा व्हिडिओ बघ आणि यात कोण कोण आहेत ते सांग. आम्हाला निवेदनात सांगायचंय.”

व्हिडिओ निघाला मायकल जॅक्सनचा ‘रिमेंबर द टाइम’. जुन्या प्रेमाची आठवण करून देणारं गाणं. ‘डेंजरस’ ह्या १९९१च्या अल्बममधलं. व्हिडिओ आला फेब्रुवारी १९९२ मध्ये. लांबी नऊ मिनिटं. मायकल जॅक्सनची ओळख पटवायला मला लेजर उघडावं लागलं नाही. १ नोव्हेंबर १९९६ला तो अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला तेव्हा निम्मी मुंबई त्याला पाहायला गेली होती आणि उरलेली निम्मी तिकिटाचे दर ऐकून घरी बसली होती. मी दुसऱ्या निम्म्यात होतो.

आता आधी हे न्यू जॅक स्विंग म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते ह्याच आठवड्यात कळलंय आणि नवीन माहिती माझ्याजवळ फार दिवस टिकत नाही. हे चक्क दोन शाखांचं विलीनीकरण आहे. एका शाखेत गळ्यात देवळातली भजनं मुरलेले, हरकती घेत गाणारे कृष्णवर्णीय गायक. दुसऱ्या शाखेत रस्त्यावर यंत्राच्या ठेक्यावर तोंडाने फडाफड बोलणारी हिप-हॉपवाली पोरं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या टेडी रायली नावाच्या पोराने १९८७च्या सुमारास दोघांना एका इमारतीत आणलं. ठेका यंत्राचाच, पण मधल्या मात्रा किंचित उशिरा पडतात, ऑफिसला पाच मिनिटं लेट पण मस्टरवर बरोबर सही असणाऱ्या माणसासारख्या. त्यामुळे गाण्याला झोका येतो. बॅरी मायकल कूपर नावाच्या पत्रकाराने त्याच्यावर लेख लिहिताना ह्या प्रकाराचं बारसं केलं. आपल्याकडे विलीनीकरणानंतर दोन्ही शाखांचे लोक वेगवेगळ्या टेबलांवर डबा खातात. इथे ते एकत्र नाचले एवढाच फरक.

मायकल जॅक्सनने तोपर्यंतचे आपले तिन्ही मोठे अल्बम क्विन्सी जोन्स ह्या मुरलेल्या संगीतकाराबरोबर केले होते. त्याला सोडून तो ह्या चोवीस वर्षांच्या पोराकडे आला. व्हिडिओचा दिग्दर्शक जॉन सिंगलटन, तोही चोवीसचाच. त्याच महिन्यात ‘बॉइज एन द हुड’साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, दिग्दर्शनाच्या नामांकनात तेव्हा तो सगळ्यांत तरुण आणि पहिला कृष्णवर्णीय. नाच बसवले फातिमा रॉबिन्सनने, ती विशीतली. नाच ती कुठल्या शाळेत नव्हे, लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये शिकलेली. मी चोवीसाव्या वर्षी पासबुकं छापत होतो आणि तीही वाकडी छापली जात होती.

असो. ओळखपरेड सुरू केली.

सिंहासनावर फेरो रामसेस. हा एडी मर्फी, विनोदी नट. ‘कमिंग टू अमेरिका’ ह्या १९८८च्या सिनेमात आफ्रिकेचा राजपुत्र झालेला, म्हणजे चार वर्षांत रीतसर बढती मिळून राजा झालेला. ह्या उपकाराची फेड म्हणून की काय, पुढे १९९३ साली मर्फीने स्वतः गायलेल्या एका गाण्यात मायकल जॅक्सन येऊन गेला. ते गाणं ज्यांनी ऐकलं आहे त्यांच्या मते हा व्यवहार मर्फीच्या फायद्याचा झाला.

शेजारी राणी नेफर्टिटी. ही इमान, मूळची सोमालियाची, १९७५ पासून न्यूयॉर्कमध्ये गाजलेली मॉडेल. नाव इमान, पण नवऱ्याशी ती कितपत इमान राखते हे व्हिडिओच्या सहाव्या-सातव्या मिनिटाला स्पष्ट होतं. तिथे मायकल तिचं चुंबन घेतो आणि आमच्या सौ.नी आतून “पोरीसमोर काय बघताय हो?” असा पुकारा केला. पोरगीच दाखवते आहे, हे मी सांगेपर्यंत प्रसंग संपला होता.

इथेच माझ्यातला कारकून जागा झाला. रामसेस आणि नेफर्टिटी हे संयुक्त खातं होऊच शकत नाही! नेफर्टिटी ही अखेनातेन राजाची राणी, इसवी सनापूर्वी सुमारे १३५०ची. रामसेस नावाचे एकूण अकरा फेरो झाले. त्यांतला प्रसिद्ध तो दुसरा. तो गादीवर आला इ.स.पू. १२७९च्या सुमारास. मध्ये निदान अर्धं शतक. ह्या रामसेसच्या राणीचं नाव नेफरतारी. दोन अक्षरांचा फरक. पण एका अक्षराच्या फरकासाठी मी पेन्शनरांना तीनतीनदा प्रतिज्ञापत्र आणायला लावलेलं आहे. कन्येला हे उत्साहाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, निवेदन दोन मिनिटांचं आहे.”

पण मग डोक्यात किडा वळवळत राहिला की ही मंडळी इजिप्तलाच का गेली? प्रेमभंगाचं गाणं तर कुठल्याही बागेत झालं असतं. शोधायला लागलो तर एकेक पान उलगडत गेलं. हॉलिवूडचा इजिप्त तोपर्यंत सगळा गोरा. ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये रामसेस झालेला युल ब्रिनर रशियातल्या व्लादिवोस्तोकचा. क्लिओपात्रा झाली ती एलिझाबेथ टेलर. नाईलच्या काठी जन्मलेला दिसेल असा माणूस ह्या सिनेमांत असलाच तर पंखा हलवायला. इकडे अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक कित्येक वर्षं म्हणत होते की अहो, इजिप्त आफ्रिकेत आहे, नकाशा बघा. विद्वानांत त्यावर मोठं रण माजलं होतं. सिंगलटनने रणात न उतरता दरबारच भरवून दाखवला: राजा, राणी, पहारेकरी, नाचणारे, सगळे कृष्णवर्णीय. भिंतींवरच्या चित्रांतली ती कोपरात मोडलेले हात आणि एका बाजूला वळलेले चेहरे, ह्यांना फातिमाबाईंनी झोक्याच्या ठेक्यावर असं काही हलवलं आहे की तीन हजार वर्षं अवघडून उभी असलेली मंडळी एकदाची मोकळी झाली असं वाटतं. आणि त्या काळची हार्लेमची पोरं डोक्यावरचे केस पट्टी लावून सपाट कापत, वर रुंद आणि खाली बारीक. बर्लिनच्या संग्रहालयातल्या नेफर्टिटीच्या पुतळ्याचा मुकुट शेजारी ठेवून पाहा. न्हाव्याने तो पुतळा पाहिलेला असावा अशी मला दाट शंका आहे.

पहारेकऱ्यांचा नायक म्हणजे टायनी लिस्टर. टायनी म्हणजे इवलासा. हा इवलासा गृहस्थ कुस्तीच्या आखाड्यातही उतरलेला, दारात उभा राहिला तर दार दिसत नाही. राणी कंटाळलेली असते. तिच्या करमणुकीसाठी एक जण काठ्या फिरवतो, दुसरा तोंडातून आग काढतो. दोघेही नापसंत ठरून परस्पर देहदंडाला जातात. मग टोपडं घातलेला एक इसम येतो, जमिनीवर सोनेरी भुकटी पसरतो आणि तिच्यात विरघळून जातो. वर येतो तो मायकल. सोन्यातून माणूस निघण्याची ही एकच नोंद माझ्या पाहण्यात आहे. माणसातून सोनं निघताना, म्हणजे बायकोच्या पाटल्या गहाण पडताना, मी रोज पाहतो.

आणि ह्या सगळ्यांना आत बोलावणारा, मोठी थाळी वाजवून ललकारी देणारा एक उंचच उंच सेवक आहे. त्याच्यापाशी मी थांबलो. व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा पाहिला.

ह्या माणसाला मी पूर्वी पाहिलं होतं. चेहरा नव्हे, ती थाळी.

१९९२च्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या डोंबिवलीच्या चाळीत केबलची वायर आली आणि शेजारच्या काकांच्या रंगीत टीव्हीवर अमेरिका दिसू लागली. मी नुकताच सातवी पास झालो होतो. त्याच वेळी माझा मामा आमच्याकडे उपचाराला आलेला होता. कोकणातल्या एका शाळेत तो शिपाई. टोल देणं हे त्याचं मुख्य काम आणि त्याला त्याचा विलक्षण अभिमान. त्याला क्षय झाला होता. इंजेक्शनं संपली होती, गोळ्या चालू होत्या, आता ह्याच्यापासून कोणाला धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलंही होतं. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो? त्याचा कप, ताट, तांब्या आईने वेगळ्या फळीवर ठेवले होते. सख्खी बहीण, दर वेळी कप ठेवताना डोळे पुसायची, पण ठेवायची वेगळाच.

शेजारच्या काकांनी मामाला आत ये म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. फक्त टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवला. मामा गॅलरीत स्टुलावर बसून खिडकीच्या गजांतून टीव्ही बघायचा. मी आतली जागा सोडून त्याच्याजवळ बसायचो. हे मी नेहमी मोठ्या अभिमानाने सांगत आलो आहे. जरा हातभर लांब बसायचो, हे सांगत नाही.

तर त्या सुट्टीत हा व्हिडिओ लागला होता. मायकलचं मामाला काही वाटलं नाही. पण तो थाळीवाला दिसला आणि मामा स्टुलावर सरसावून म्हणाला, “ह्याला टोल देता येत नाही.” आम्ही दोघे इतके हसलो की मामाला खोकला आला आणि आतून कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

तो थाळीवाला म्हणजे मॅजिक जॉन्सन, हे मला परवा कळलं. सहा फूट नऊ इंच उंच, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला पाच वेळा अजिंक्यपद मिळवून देणारा बास्केटबॉलपटू. ७ नोव्हेंबर १९९१ला त्याने वार्ताहरांसमोर उभं राहून सांगितलं की मला एचआयव्हीची लागण झाली आहे आणि मी खेळातून निवृत्त होत आहे. त्या काळी हे ऐकणं म्हणजे मृत्युलेख ऐकणं. शिवलं तर होतो, घामाने होतो, एका पेल्यातून प्यायलं तर होतो, असं शिकलेली माणसंसुद्धा समजत. तीन महिन्यांच्या आत हा माणूस राजदरबारात उभा! तारखा मी दोनदा ताडून पाहिल्या. ९ फेब्रुवारीला तो प्रेक्षकांच्या मतांवर ऑल-स्टार सामन्यात उतरला, पंचवीस गुण केले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो उतरू नये असं काही खेळाडूंनी आधी बोलून दाखवलं होतं. त्याच वर्षीच्या शेवटी त्याने पुन्हा लेकर्सकडून खेळायचं ठरवलं, तेव्हा इतर खेळाडूंची भीती एवढी वाढली की मोसम सुरू होण्याआधीच त्याने बेत सोडून दिला.

‘डेंजरस’ त्या दृष्टीने पुन्हा तपासला. त्यात ‘गॉन टू सून’ म्हणून एक गाणं आहे, ते रायन व्हाइटला अर्पण केलेलं. हा इंडियाना राज्यातला मुलगा. रक्त न गोठण्याच्या जन्मजात विकारावरच्या औषधातून त्याला एचआयव्हीची लागण झाली. १९८५ साली त्याच्या गावच्या शाळेने त्याला वर्गात घ्यायला नकार दिला. कोर्टकचेऱ्या करून तो शाळेत बसला आणि १९९०च्या एप्रिलमध्ये, अठराव्या वर्षी गेला. मायकलची त्याच्याशी मैत्री होती. आणि ती हॉलिवूडची क्लिओपात्रा, एलिझाबेथ टेलर, १९८५ पासून ह्याच रोगाविरुद्ध पदर खोचून उभी. तिचं आठवं लग्न ऑक्टोबर १९९१ मध्ये लागलं ते मायकल जॅक्सनच्या वाडीवर. मी ह्या दरबाराकडे इतका वेळ राजवंशांच्या तारखा जुळवत बसलो होतो आणि खरी नोंद दारातच उभी होती.

कन्येला सांगितलं, तिने निवेदनात एक वाक्य वाढवलं. काठ्या फिरवणारा कोण, आगवाला कोण, मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, जिचा हात इतरांपेक्षा अंमळ आधी वर जातो ती कोण, हे मला काही सापडलं नाही. ती सगळी सस्पेन्स खात्यात टाकली आहेत.

मग मामाला फोन लावला. मामा आता निवृत्त, सत्तरीचा, गावी असतो. खोकला कधीच गेला. त्याला सगळं सविस्तर सांगितलं: खेळाडू कोण, रोग कुठला, लोक कसे वागले. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली.

“मग आता?” मामाने विचारलं.

“आहे की. पासष्टी उलटली त्याची. औषधं निघाली पुढे. ठणठणीत आहे.”

“अरे वा,” मामा म्हणाला. मग जरा थांबून, “पण टोल मनगटातून द्यायचा असतो रे. तो खांद्यातून मारत होता.”